कोरियन क्रीम, गोरा रंग आणि आपली चळवळ

गेल्या ऑक्टोबरात एका प्रशिक्षणासाठी नऊ दिवस दक्षिण कोरियात, सोल शहरात होते. परत आल्यावर फोटो टाकले. काही प्रशिक्षणाचे, काही जोग्येसा विहाराचे आणि एक म्योंगडोंगच्या बाजारातला, हातात खरेदीच्या दोन पिशव्या घेतलेला. चर्चा झाली ती त्या पिशव्यांचीच. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी फोन करून विचारलं, "ताई, समाज अजून झोपडपट्टीत आहे आणि तुम्ही कोरियातून क्रीम आणता?" माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मैत्रिणींनी उलट सांगितलं, "ताई, पैसे तुमचे, मर्जी तुमची. कोणालाच उत्तर देत बसू नका."

मला दोन्ही म्हणणी पटली नाहीत. पहिल्यात असं गृहीत धरलंय की शोषितांसाठी काम करणाऱ्याने स्वतः गरीबच दिसलं पाहिजे. दुसऱ्यात असं की बाजारात आपण जे निवडतो ते फक्त आपलं असतं, त्यामागे समाज नसतो. आंबेडकरी चळवळीचा इतिहास माहीत असणाऱ्याला पहिलं मान्य होणार नाही आणि समाजशास्त्राचं एखादं पुस्तक वाचलेल्याला दुसरं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशोब सांगते, म्हणजे तो प्रश्न संपेल. आठ ट्यूब सनस्क्रीन, एकावर एक फुकट अशा चार जोड्या. दोन सुती शर्ट. जोग्येसासमोरच्या दुकानातून एक राखाडी सैल पायजमा, जो तिथले उपासक-उपासिका विहारात जाताना घालतात. भाच्यांसाठी चेहऱ्यावर लावायच्या कागदी मास्कचं एक पाकीट. सगळं मिळून सुमारे १ लाख ७० हजार वोन, म्हणजे साधारण साडेदहा हजार रुपये. मोठ्या दुकानात पासपोर्ट दाखवला की परदेशी प्रवाशाला करातली सूट गल्ल्यावरच मिळते, त्यासाठी किमान १५ हजार वोनची खरेदी लागते. दोंगदेमुनच्या गाळ्यांवर असलं काही नसतं, तिथे रोख द्या आणि माल उचला. पैसे माझ्या पगारातले होते, वर्गणीतले नव्हते.

कपड्यांचा प्रश्न आपल्यासाठी कधीच लहान नव्हता

"साधे राहा" हा उपदेश आपल्याला कोण करतंय, हे नेहमी तपासून पाहावं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी काय बोलले, हे मात्र कमी सांगतो. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं आणि गळ्या-हातातले ते ठरावीक चांदी-पितळेचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, नीट पायघोळ लुगडं नेसा, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं आणि नेसण्याची पद्धत बदलली. ती हौस नव्हती, तो सत्याग्रहाचाच भाग होता.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूर भागातल्या बलाई समाजाचं उदाहरण दिलंय. सवर्णांनी त्यांच्यावर लादलेल्या अटींत पहिल्याच अटी कपड्यांच्या होत्या. जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. लोकांकडे विकत घ्यायला पैसे होते, तरीही घालायचं नाही. म्हणजे प्रश्न ऐपतीचा नव्हताच. जातिव्यवस्थेला माणूस लांबून ओळखू यायला हवा असतो आणि लांबून आधी कपडेच दिसतात.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. जोसन राजवटीतल्या कोरियात बेकजोंग नावाचा समाज होता. गुरं कापणं, कातडी कमावणं, वाळुंजाच्या टोपल्या विणणं ही त्यांची कामं. त्यांनी गावाबाहेर राहायचं, रेशीम घालायचं नाही, इतर पुरुष घालत तशी काळी टोपी घालायची नाही, त्याऐवजी बांबूच्या कामट्यांची टोपी घालायची. स्त्रियांनी आंबाड्यात काटा खोवायचा नाही. मुलाच्या नावात सद्गुणवाचक अक्षरं वापरायची नाहीत. वाचताना मला कोरियाचा इतिहास वाचतेय असं वाटलंच नाही, मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचा वाटला.

१८९४ च्या सुधारणांनी कायद्यात ही उतरंड संपली. समाजात संपली नाही. पुढे नोंदवहीत त्यांच्या नावापुढे खूण करण्यात येई आणि ती बघून शाळा मुलाला प्रवेश नाकारत. याच कारणावरून एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेकडच्या जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. त्या नावात तराजू आहे. जो तराजू या लोकांच्या धंद्याची खूण होता, तोच त्यांनी समतेची खूण केला. महाडच्या चवदार तळ्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. आणखी एक सांगते. त्याच जोसन काळात बौद्ध भिक्खूंनाही हलक्या वर्गात ढकललं होतं आणि त्यांना राजधानीच्या वेशीतून आत यायला बंदी होती. ती १८९५ मध्ये उठली. आज सोलच्या भर मध्यभागी, जोंगनो भागात जोग्येसा उभं आहे. तिथे संध्याकाळी वंदनेला बसले तेव्हा हेच मनात होतं की ज्या शहरात चीवर घालून शिरता येत नव्हतं, त्या शहरात आज विहारासमोर चीवराच्याच रंगाचे पायजमे विकायला आहेत. मी घेतला तो पायजमा म्हणून घेतला.

तर ज्येष्ठ कार्यकर्त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की नीटनेटकं, आवडीचं, चांगलं घालणं हा आपण लढून मिळवलेला हक्क आहे. बाबासाहेबांच्या सुटाचा अभिमान बाळगायचा आणि पोरीच्या शर्टवर नाक मुरडायचं, हे चालणार नाही.

पण त्वचेचं काय?

इथे मात्र माझ्या तरुण मैत्रिणींशी मला वाद घालायचा आहे. कपडा बदलणं ही एक गोष्ट, कातडी बदलू पाहणं ही दुसरी.

म्योंगडोंग म्हणजे क्रीमांचा बाजार. एकेका गल्लीत ओळीने प्रसाधनांची दुकानं, दारात उभ्या मुली टोपली हातात देतात, चिनी, जपानी, इंग्रजी अशा दोन-चार भाषांत बोलावतात. गोगलगाईच्या स्रावाची क्रीम, तांदळाच्या धुवणाचं पाणी, मंडूकपर्णीचा अर्क. ही मंडूकपर्णी म्हणजे आपल्याकडे कित्येक जण जिला ब्राह्मी म्हणतात ती ओल्या बांधावर पसरणारी वनस्पती. तिथे ती 'सिका' नावाने हिरव्या बाटलीत विकली जाते. एका दुकानात माझ्या गालाला छोटा कॅमेरा लावला, पडद्यावर त्वचा मोठी करून दाखवली. विक्रेती मोबाइलवर भाषांतर करून म्हणाली, "तुमची त्वचा चांगली आहे. रंग थोडा उजळवता येईल." मी विचारलं, "उजळवायचा कशाला?" तिला प्रश्न कळला, त्यामागचा मुद्दा कळला नाही. ती हसली आणि तिने शेजारच्या फळीकडे बोट दाखवलं.

त्या फळीवरच्या बाटल्यांवर एक शब्द होता, 'मिबेक'. अर्थ गोरं करणारं. कोरियाच्या सौंदर्यप्रसाधन कायद्यात सुरकुत्या कमी करणारी, उन्हापासून वाचवणारी आणि रंग उजळवणारी अशा प्रसाधनांचा खास वर्ग आहे. म्हणजे गोरेपणाला तिथे सरकारी मान्यतेचा शिक्का मिळतो. निर्यातीच्या बाटलीवर त्याचंच 'ब्राइटनिंग' होतं. शब्द सौम्य होतो, इच्छा तीच राहते. ही इच्छा फक्त युरोपियनांकडून आलेली नाही. शेतात राबणारा उन्हाने काळवंडतो आणि घरात बसून ग्रंथ वाचणारा यांगबान जमीनदार उजळ राहतो, ही जुनी ओळख तिच्यामागे आहे. गोरा रंग म्हणजे 'मला उन्हात राबावं लागत नाही' अशी जाहिरात. समाजशास्त्रज्ञ वेब्लेनने १८९९ मध्ये रिकामपणाची प्रतिष्ठा सांगितली होती. तिथे ती कातडीवर लिहिलेली दिसते.

चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनच्या छटांना तिथे नंबर असतात. १३ अगदी फिकट, २१ नेहमीची, २३ जरा गडद. बऱ्याच दुकानांत २३ ला यादी संपते. मी २३ नंबर मनगटावर लावला तर राख फासल्यासारखा दिसला. जगातली बहुसंख्य माणसं २३ च्या पलीकडे आहेत, हे त्या फळीला माहीत नव्हतं. यात बदल होतोय, पण कसा तेही बघा. टिरटिर नावाच्या कंपनीच्या छटा आपल्या कातडीला चालत नाहीत हे एका काळ्या तरुणीने व्हिडिओ करून जगाला दाखवलं आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने छटा वाढवत तीसपर्यंत नेल्या. कोणी बोललं म्हणून बदललं. आपण होऊन बाजार उदार होत नसतो.

आता आपल्या वस्तीत या. मी निघाले तेव्हा उत्तर नागपुरातल्या आमच्या केंद्रातल्या मुलींनी यादी दिली होती. "ताई, ते काचेसारखी स्किन होते ना, ते क्रीम आणजा." लॉकडाउनमध्ये मोबाइलवर कोरियन मालिका बघत मोठ्या झालेल्या या मुली आहेत. बापाचा ऑटो, आई चार घरी धुणीभांडी करणारी, आणि मुलीला बीटीएसच्या सातही जणांची नावं पाठ. मला त्यात वाईट काही वाटत नाही. कुठल्या तरी दूरच्या भाषेतलं गाणं आवडणं हीसुद्धा वस्तीबाहेर टाकलेली एक पायरी आहे. पण त्याच केंद्रात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. पाहुणे बघायला येणार म्हणून तिने मेडिकलमधून सत्तर रुपयांची ट्यूब आणली, सहा महिने लावली. सुरुवातीला उजळली. मग गाल लाल झाले, त्वचा पातळ झाली, उन्हात गेलं की आग. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये ती अनुसूची एचमध्ये टाकली. कागदावर नियम आहे, काउंटरवर ट्यूब आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे लोकांच्या मूत्रपिंडांना आजार झाल्याची प्रकरणं उघड झाली. गोरेपणाची किंमत अशी असते आणि ती श्रीमंतांच्या पोरी भरत नाहीत. त्यांना त्वचेचा डॉक्टर परवडतो.

'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये तिचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. पंचेचाळीस वर्षांनी एक शब्द बदलला. आपण आपल्या घरातले किती शब्द बदलले? आपल्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांचे फॉर्म काढून बघा. पदवी, नोकरी, उंची आणि मग 'वर्ण: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा'. वर्ण हा शब्द! ज्या शब्दाविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले तो आपल्याच फॉर्मवर, आपल्याच छापखान्यात छापलेला. पंचशीलाचं चित्र वर आणि वर्णाचा रकाना खाली. रंग म्हणजे जात नव्हे, हे बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलंय. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांचा वंश एकच, असं त्यांनी दाखवून दिलं. तरीही 'ही आपल्यातली वाटत नाही, चांगली गोरी आहे' असं वाक्य आपल्याच आत्याबाई कौतुकाने म्हणतात. त्या कौतुकात आपल्या सगळ्यांचा अपमान भरलेला असतो आणि तो ऐकणारी पोर दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये जाते.

मग सनस्क्रीन का आणलं?

कारण ऊन खरं आहे. सनस्क्रीन कोणाला गोरं करत नाही, भाजण्यापासून वाचवतं. आठपैकी सहा ट्यूब मी महिला सफाई कामगारांसाठी आणल्या, ज्यांच्यासोबत मी काम करते. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि या बाया दुपारपर्यंत रस्त्यावर असतात. कपाळावर, गालांवर वांग येतात. काळ्या त्वचेला उन्हाचं काही होत नाही, हा गैरसमज आहे. गडद त्वचेवर वांग अधिक ठळक उमटतात आणि लवकर जात नाहीत. सहा ट्यूबने प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. तो सुटेल तो टोपी, पूर्ण बाह्यांचा गणवेश, सावलीची जागा आणि उन्हाळ्यात बदललेल्या पाळ्या मिळाल्या तर. पण त्या मागण्यांच्या यादीत आता आम्ही सनस्क्रीनही लिहिलंय. कंत्राटदार हसला. हातमोजे मागितले होते तेव्हाही तो असाच हसला होता.

शर्ट कोणी शिवला?

दोंगदेमुनचा घाऊक कपडाबाजार रात्रीच जागा होतो, पहाटेपर्यंत चालतो. डिझायनर झाहा हदीदने आखलेली चंदेरी इमारत तिथे २०१४ पासून उभी आहे, पर्यटक तिचे फोटो काढतात. तिच्यापासून थोडं चालत गेलं की चोंगग्येचन ओढ्यालगत प्योंगह्वा बाजार लागतो. नावाचा अर्थ शांतता. तिथल्या एका पुलावर एका तरुणाचा अर्धपुतळा आहे, जॉन थे-इल. तो शिंपी होता. त्या काळी या बाजाराच्या वर, सरळ उभंही राहता येणार नाही अशा पोटमाळ्यांवर तेरा-चौदा वर्षांच्या मुली रोज चौदा-चौदा तास शिलाईला बसत. कापसाच्या धुळीने त्यांना क्षय होई. बसभाड्याच्या पैशांतून त्यांना खायला घेऊन देऊन जॉन स्वतः चालत घरी जाई. देशात कामगार कायदा होता, पण तो फक्त पुस्तकात होता. त्याने अर्ज केले, पाहणी केली, संघटना बांधली. कोणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, बावीस वर्षांच्या वयात, कायद्याचं पुस्तक पाळत नसाल तर ते जाळा म्हणत त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्याची आई ली सो-सन पुढे चाळीस वर्षं कामगारांसोबत उभी राहिली.

जाळून घेणं हा मार्ग मी कोणाला सांगणार नाही. आपल्याला शिकलेली, संघटित झालेली, जिवंत माणसं हवी आहेत. पण कायद्याचं पुस्तक आणि कामगाराचं आयुष्य यांच्यातलं अंतर आपल्यापेक्षा अधिक कोणाला माहीत असणार? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली, ती १९४६ मध्ये कायदा झाली. आणि आज आपल्याकडच्या कपड्याच्या किती कारखान्यांत ती पाळली जाते, हे तिथे काम करणाऱ्या आपल्याच मुलींना विचारा. दोंगदेमुनच्या मागच्या चांगसिनदोंगच्या चढावर आजही घराघरांत शिलाईची यंत्रं चालतात, मोटारसायकलवर तागे जातात-येतात. त्याच परिसरात नेपाळी जेवणाची दुकानं आहेत, कारण परवाना पद्धतीने आलेले नेपाळी, बांगलादेशी मजूर कोरियाचे कारखाने आणि शेतं चालवतात. माझा शर्ट या साखळीतूनच आलाय.

कोरियाला आरसा म्हणून बघा, स्वर्ग म्हणून नको

सोलमध्ये नऊ दिवसांत कोणी माझं आडनाव विचारलं नाही. ते सुख मी नाकारत नाही, आपल्यातला जो कोणी परदेशी गेलाय त्याला ते कळेल. पण ज्यांना त्या देशात राहायचंय त्यांच्यासाठी दुसरे प्रश्न आहेत. सर्वंकष भेदभावविरोधी कायद्याची मागणी तिथे २००७ पासून संसदेत येते आणि अडकते. नोकरीच्या अर्जाला फोटो चिकटवायची तिथली जुनी रीत आहे. २०१८ च्या सुमारास तिथल्या हजारो तरुणींनी आपली प्रसाधनं मोडून, केस कापून त्याचे फोटो टाकले आणि या मोहिमेला 'कॉर्सेट फेकून द्या' अशा अर्थाचं नाव दिलं. म्हणजे आपल्या पोरी ज्या काचेसारख्या त्वचेसाठी झुरतात, ती काच तिथल्या पोरींनी फोडायला घेतली आहे. कोरियातून काही आणायचंच असेल तर ही बातमीही आणली पाहिजे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, परदेशी जा, शिष्यवृत्तीवर जा, कामासाठी जा, फिरायला जा, आणि बाजारातही जा. हवं ते घाला. फक्त पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही वस्तू मला नीट राहायला मदत करते, की मी जशी आहे तशी कमी आहे असं सांगते? आणि ती बनवणाऱ्या हातांबद्दल मी काही विचारलं का? पहिल्या प्रश्नावर सनस्क्रीन टिकतं, मिबेक टिकत नाही. दुसऱ्या प्रश्नावर आपल्यापैकी कोणाचीच पिशवी पूर्ण स्वच्छ ठरत नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न संघटनेत विचारायचा असतो, एकट्याने नाही.

आणि एक काम आजपासून. येत्या लग्नसराईच्या आधी आपापल्या शहरातल्या वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांना भेटा आणि फॉर्मवरचा 'वर्ण' हा रकाना काढायला सांगा. नागपुरात आम्ही दोन मंडळांना लेखी पत्र दिलंय. एकाने मान्य केलं, दुसरे म्हणतात की पालकच विचारतात. पालक विचारतील. आपण उत्तर छापायचं नाही. तो रकाना गेला तर मेडिकलच्या काउंटरवर निदान एक पोर कमी जाईल, आणि हे काम करायला कोरियाला जावं लागत नाही.

जय भीम.